राजाची हिरवळ आणि भोपळ्याचे घारगे

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा मधमाश्या बोलत आणि माणसं ऐकूनही घेत.

एका राजाला टापटिपीचं भारी वेड होतं. त्याच्या महालासमोर मोठी हिरवळ होती. रोज सकाळी माळी रांगेत बसून कात्रीने गवत कापत. चुकून एखाद्या रानफुलाने डोकं वर काढलं, तर राजा ओरडे, "कोण आहे रे तो? उपटा त्याला!" राजाचं पाहून लोकांनीही आपापली अंगणं, बांध, कुंपणं खरवडून काढली. सगळं राज्य नुकतीच हजामत केल्यासारखं दिसू लागलं.

राजाला दुसरं वेड होतं भोपळ्याच्या घारग्यांचं.

एका वर्षी नवल झालं. महालामागच्या परसात भोपळ्याचे वेल फोफावले, फुलांनी भरले, पण फळ धरेना. बोराएवढं फळ दिसे, पिवळं पडे आणि गळून जाई. गावातही तेच. काकडी नाही, दुधी नाही, दोडका नाही. लोक नुसत्या भाकरीवर आले.

राजाच्या ताटात घारगे आले नाहीत, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर झालं.

"नक्की कोणीतरी चोर आहे," राजा गरजला. "वेलांना पहारा लावा!"

भालेवाले शिपाई वेलांभोवती उभे राहिले. शेवटी त्यांनी चोर पकडला आणि वाटीखाली झाकून दरबारात आणला. वाटी उचलली, तर आत एक म्हातारी मधमाशी.

"माझे भोपळे कुठे आहेत?" राजाने विचारलं.

"मला काय विचारता, महाराज?" मधमाशी पंख झटकत म्हणाली. "आम्ही फुलाफुलांवर हिंडलो, तर फळ धरतं. पण आम्ही सगळ्या कधीच दूर रानात राहायला गेलो. मी आपली जुनं घर बघायला आले, तर तुमच्या लोकांनी वाटीखाली घातलं."

"पण गेलात का? माझे वेल फुललेत की!"

"ते आत्ता फुलले. तोवर आम्ही काय खायचं? गवत? तुमच्या राज्यात एक रानफूल शिल्लक नाही."

राणी हळूच म्हणाली, "महाराज, आता एकदाचं ठरवा. हिरवळ हवी की घारगे?"

राजाने बराच वेळ मिशी चावली. मग डोळे मिटून हुकूम सोडला, "कात्र्या ठेवून द्या!"

पुढचे महिने राजाचे फार हालात गेले. गवत गुडघ्यापर्यंत आलं. त्यात केना फुलला, एकदांडी फुलली, कुर्डूचे तुरे डोलू लागले. राजा खिडकीकडे पाठ करून बसे. एकदा तर राणीने त्याला चोरून गवत उपटताना पकडलं आणि हात धरून आत आणलं.

पण मधमाश्या परत आल्या. पुढच्या हंगामात वेल भोपळ्यांनी लगडले. गावातही घरोघरी भाजी शिजू लागली.

त्याच सुमारास शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. हिरवळ पाहून तो खो-खो हसला. "अहो, गवत कापायला माणसं नाहीत वाटतं!"

राजाचे कान लाल झाले. राणीने पाहुण्यापुढे घारग्यांचं ताट ठेवलं. पहिल्याच घासाला पाहुणा हसायचं विसरला. "आमच्याकडे औषधालाही भोपळा नाही हो! थोडं बी द्याल?"

"बी देईन," राजा म्हणाला. "पण आधी सांगा, तुमची हिरवळ कशी आहे?"

"ती? अगदी गालिचा!" पाहुणा छाती फुगवून म्हणाला.

राजाने ताट त्याच्याकडे आणखी सरकवलं. "मग इथेच पोटभर खाऊन घ्या."

लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: आपल्याला जो पसारा वाटतो, त्यावर कुणाचा तरी संसार चालतो, आणि त्याच्या संसारावर आपला.