चुलीवरची फळी

“आता सांगा मेमे, हिच्यात खोट कुठं आहे?”

द्वारका मेस्त्रीने गोधडी सोडली, आतली फळी काढली आणि म्हाताऱ्या लामासमोर आडवी धरली. हातात दिली नाही. नुसती दाखवली.

बर्फावर उभ्याने घसरत डोंगर उतरायची फळी. अख्खा हिवाळा तिने ती एकटीने घडवली होती.

मेमे म्हणजे तिकडच्या बोलीत आजोबा. सगळं गाव त्या लामाला मेमेच म्हणायचं.

मेमेंनी फळीकडे पाहिलं. मान हलवली.

“छान आहे.”

“नुसतं छान?” द्वारका फणकारली. “एक गाठ नाही लाकडात. तोंड वाफेवर धरून वाकवलंय, कुठं तडा दाखवा. पोटाला रंधा असा मारलाय, माशी बसली तर घसरून पडेल!”

“माश्या उन्हाळ्यात येतात,” मेमे म्हणाले.

तिचं हिंदी मोडकं, त्यांचं त्याहून मोडकं. त्यामुळे दोघांत फालतू बोलणं होतच नसे.

द्वारका कोकणातली, सुताराच्या घरची. गोंपाचे, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाचे, दरवाजे दुरुस्त करायला ठेकेदाराने जी माणसं इतक्या लांब हिमालयात आणली, त्यांत ती आली. काम संपलं. माणसं परत गेली. ही बया राहिली.

का राहिली? तर बर्फ पडल्यावर एका सकाळी तिने या म्हाताऱ्याला डोंगरावरून येताना पाहिलं. हात पाठीमागे बांधलेले. पायाखाली एक वेडीवाकडी फळी. आणि आवाज...

आवाजच नाही. ढगाची सावली उतरते तसा म्हातारा उतरला.

द्वारकाच्या हातातला हातोडा हातातच राहिला. सख्ख्या भावापुढे कधी मान न वाकवलेली बाई ती. तिने तिथल्या तिथे हात जोडले.

“मला शिष्य करा.”

“फळी कर,” मेमे म्हणाले होते. “रस्ता उघडेल त्या दिवशी तिने तुला वरच्या खडकापासून खालच्या रस्त्यापर्यंत आणलं, तर राहा. नाही आणलं, तर पहिल्या ट्रकने घरी जा.”

आज बर्फाने बंद पडलेला रस्ता उघडला होता. खाली नोरबू ड्रायव्हरचा ट्रक धूर सोडत उभा होता. आणि घरी काय होतं? भावाचा कारखाना. प्लायवूडला सनमायका चिकटवायचा, वरून त्याचं ऐकायचं, “तायडे, हात चालव.” मरेपर्यंत.

द्वारकाने वरच्या खडकापाशी फळी बर्फावर टेकली. पाय पट्ट्यांत अडकवले. हिवाळाभर मेमेंच्या फळीवरून पडून पडून तिचं अंग काळंनिळं झालं होतं, पण तोल आता पक्का होता. तिने गुडघे वाकवले, अंग पुढे झोकलं.

फळी हलली नाही.

परत झोकलं.

नाही.

खडकाला लागूनच असलेल्या गोंपाच्या भिंतीला पाठ लावून लोकर कातत बसलेल्या बायका खुसखुसल्या. एक म्हणाली, “सकाळी चारा घातला नाहीस वाटतं तिला!”

दुसरी म्हणाली, “शेपटी पिळ गं, खेचरं तशीच चालतात.”

“तुमच्या जिभाच तेवढ्या घसरतात!” द्वारका ओरडली. बायका आणखी हसल्या.

तिने फळी उलटी केली. पोटाला बर्फाचा जाड थर घट्ट चिकटला होता. इतक्या गुळगुळीत पोटाला! तिने तो नखांनी खरवडला. फळी उचलून धावत गोंपाच्या स्वयंपाकघरात नेली, चुलीवर धरून खडखडीत वाळवली, मेण चोळलं, गोधडीत गुंडाळून परत आणली.

टेकली.

या खेपेला तर दुपटीने चिकटली.

खाली ट्रकचा भोंगा वाजला.

द्वारका फळीवरच बसली. डोळे भरून आले ते तिला नको होते. तिने ते बाहीने रागारागाने पुसले.

मेमे जवळ आले. तिच्या उजव्या हातातला मोजा त्यांनी ओढून काढला. तिचा उघडा तळवा धरून त्यांनी तो भिंतीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या फळीवर ठेवला. ती बारा महिने तिथेच, उघड्यावर. म्हाताऱ्याचा कारभार गबाळा, असं द्वारकाचं पहिल्यापासून ठाम मत होतं.

तळव्याला इंगळी डसल्यासारखं झालं. तिने हात ओढला, तर कातडी फळीला चिकटत होती.

मेमेंनी तोच तळवा तिच्या फळीवर ठेवला.

ऊब.

झोपलेल्या वासराच्या पाठीसारखी मऊ ऊब.

“कुठं ठेवतेस हिला?”

“चुलीवर. मचाण बांधलंय. आमच्याकडे चांगलं लाकूड चुलीवरच ठेवतात. खाली ठेवलं तर ओल खाते त्याला, कीड लागते. माझ्या बापाने...”

ती बोलता बोलता थांबली. चिकटलेल्या थराकडे बघत राहिली. बर्फ ऊब लागून वितळला होता, आणि वितळला तिथेच पुन्हा गोठला होता.

“म्हणजे मी जितकी जपली...”

मेमेंनी थर खरवडून काढला, हातांनी बर्फात खड्डा केला, तिची फळी त्यात निजवली आणि वर बर्फ लोटायला सुरुवात केली.

“अहो, कुजेल ती!”

मेमे लोटत राहिले.

“मेमे! माझं हिवाळाभराचं काम आहे ते!”

बर्फ सारखा झाला. फळी दिसेनाशी झाली. मेमे त्यावर मांडी घालून बसले आणि त्यांनी शेजारच्या बर्फावर हात थोपटला. बस.

खाली पुन्हा भोंगा.

द्वारका उभी राहिली. मुठी वळलेल्या. एका लाथेत म्हाताऱ्याला बाजूला करून फळी उपसावी, असं तिच्या मनात आलंच. पण कोण जाणे का, ती बसली.

बसली... समोर डोंगरामागे डोंगर पांढरे. इतक्या दिवसांत तिने ते कधी नीट पाहिलेच नव्हते. तिची मान कायम रंध्यावर. आता पाहिले, आणि तिचा श्वास लहान झाला. केवढं होतं ते सगळं! आणि त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

बायकांच्या चात्या फिरायच्या थांबल्या होत्या. भोंग्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मेमे उठले. फळी वर काढली. तिच्या अंगावर पिठासारखा कोरडा बर्फ होता, फुंकरीने उडून गेला. त्यांनी ती उतारावर ठेवली आणि बोट काढलं.

फळी चालायला लागली.

“अगं अगं अगं!” द्वारकाने झडप घालून तिला पकडली.

पट्टे आवळले. उभी राहिली. अंग झोकावंच लागलं नाही.

आधी खडक मागे गेला. मग बायका, मग गोंपा. वारा कानात शिरला आणि मग तोही ऐकू येईना. उतार वळला तिथे फळी वळली. तिने वळवलं नाही, ती वळली. बर्फ पायाखालून असा सरकत होता की डोंगरच वर चाललाय आणि ती जागच्या जागी उभी आहे. पोटातून एक ओरड उठली, पण ती ओठांपर्यंत येईतो एवढी मोठी झाली की बाहेरच पडेना.

रस्ता आला. ट्रक आला. ती थांबली.

वर पाहिलं. डोंगरावर एक बारीक रेघ. ती आपण काढलीय, हे तिला खरंच वाटेना.

पाठोपाठ मेमे उतरले. हात पाठीमागे बांधून. सावलीसारखे.

“कशी आहे फळी?” त्यांनी विचारलं.

द्वारकाने खाली पायांकडे पाहिलं.

“फळी?... फळीकडे बघायचंच राहिलं, मेमे.”

नोरबूने खिडकीतून डोकं काढलं. “बाई, चढतेस का? पुढे आभाळ भरून आलंय.”

द्वारकाने मेमेंकडे पाहिलं. विचारायचं होतं, पण धीर होईना.

मेमेंनी ट्रककडे बघून हात हलवला. जा, जा.

ट्रक गेला. वळणावर दिसेनासा झाला.

“म्हणजे...” द्वारका पट्टे सोडत म्हणाली, “म्हणजे जमलं?”

मेमेंनी वाकून पहिल्यांदाच तिच्या फळीवर हात फिरवला.

“फळी झाली,” ते म्हणाले. “तुझं अजून व्हायचंय.”