छत्तीस दसऱ्यांचा शिक्का

गडहिंग्लजचे भैरू मिस्त्री न्यूझीलंडला लेकीकडे कायमचे राहायला गेले, ते छत्तीस वर्षांची मोटार बोटीने सोबत घेऊनच. बंदरावरच्या साहेबाने बॉनेटवरचा लाल डाग पाहून नाक मुरडलं. "गंजलंय! नोंदणी होणार नाही. मोडीत काढा."

लेकीने ते मराठीत सांगितलं; पुढेही दोघांमध्ये तीच दुभाषी झाली. मिस्त्रींनी रुमालाने डाग पुसला. खालचा रंग आरशासारखा चमकला.

"गंज असा पुसला जातो का, साहेब? हे कुंकू आहे. दर दसऱ्याला सगळी गाडी तपासतो, मगच लावतो."

"तपासल्याचा शिक्का कुठाय?"

"तुम्ही कागदावर मारता, आम्ही गाडीवरच मारतो. तोच आत्ता तुमच्यापायी पुसला!"

साहेब वरमला. गाडीखाली शिरून त्याने कसून तपासणी केली आणि कागदावर शिक्का उठवला.

मिस्त्रींनी लगेच खिशातली कुंकवाची डबी काढली.