कुंकवाखालची चामखीळ

फार फार मागली गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं, गावात कुंकू करणारं एकच घर होतं. घरात धोंडाक्का अन् तिचा म्हातारा, मुलगा केरबा, सून यसू. हळकुंडांना लिंबाचा रस अन् टाकणखार पाजावा, सावलीत वाळवावं, कुटावं. असं लाल कुंकू पंचक्रोशीत दुसरं नव्हतं.

एका साली यसूच्या कपाळावर, नेमकी कुंकवाच्या जागी, चामखीळ उगवली. मोहरीएवढी. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कुंकू जरा मोठं लावलं अन् ती झाकली.

झाकलेलं वाढतं, बाळांनो. न्हाणीत गेली की यसू ती नखानं खुडायची, रक्त आलं की वर कुंकू थापायची. एकीच्या चार झाल्या. कुंकू रुपयाएवढं झालं. पाणवठ्यावर बायका हसल्या, "घरचं फुकट म्हणून इतकं का गं?" यसूनं मान खाली घातली ती वर केली नाही.

त्या घराची एक रीत होती. नवरात्राच्या पहिल्या माळेला नवं कुंकू आधी देवीला, मग सगळ्यांदेखत कपाळ धुऊन घरच्या सुनेनं लावायचं. त्यानंतरच गावानं करंडे भरून न्यायचे.

त्या साली धोंडाक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला. यसू हलेना. पदर कपाळावर ओढून ती मागल्या दारानं निघून गेली.

कुजबुज झाली. घरचीच सून लावीना, म्हणजे कुंकवातच खोट असणार. बायका रिकामे करंडे घेऊन परतल्या. बाजारात नेलेली केरबाची पाटी भरली गेली तशीच भरली परत आली. केरबा कुणाच्या तोंडाकडं बघेना.

तेव्हा यसूनं सासूपुढं कपाळ पुसलं. "आत्याबाई, कुंकू चोख आहे. खोट माझ्या कपाळावर आहे."

धोंडाक्कानं तिची हनुवटी उचलून कपाळ उजेडाकडं धरलं. मग म्हणाली, "रोज तुझं कुंकू बघितलं गं मी. कपाळ नाही बघितलं."

दोघी वैद्याकडं गेल्या. वैद्यानं उन्हात बसवून पाहिलं. खुडल्यानंच पसरल्या म्हणाला. भोवतीच्या कातडीला तूप लावलं, काडीच्या टोकानं आघाड्याच्या राखेचा जळजळीत क्षार नेमका चामखिळीवर टेकवला, मग लिंबाच्या पाण्यानं धुतला. हे घरी करायचं नाही, माझ्याकडंच यायचं, अशी तंबी दिली. अन् बरं होईतो कपाळ उघडं ठेवायला सांगितलं.

सवाशिणीचं कपाळ उघडं. यसूला रडू फुटलं. धोंडाक्कानं काय करावं? आपलं कुंकू पुसलं, चिमूटभर स्वतःच्या भांगात भरलं, चिमूटभर सुनेच्या. "चल, आता दोघी अशाच पाण्याला जाऊ."

पाणवठ्यावर कुणी विचारायच्या आधी यसूनंच सारं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं मानेवरचा पदर सारला अन् हळूच म्हणाली, "मलापण ने गं वैद्याकडं."

कपाळ बरं झालं, फिकट डाग तेवढा राहिला. पुढल्या पहिल्या माळेला यसूनं सगळ्यांदेखत कपाळ धुतलं अन् त्या डागावरच नवं कुंकू लावलं. करंडे शिगोशीग भरून गेले. केरबाची पाटी रिकामी होऊन घरी आली. घराला पहिल्यासारखा मान आला, अन् वर्षाच्या आत पाळणाही हलला.

दुखणं लाजेनं झाकलं तर वाढतं, अन् त्याचा डाग साऱ्या घराला लागतो.