सातवा प्रश्न

एकदा एक शिष्या सहा वर्षांनी आपल्या वृद्ध गुरूंकडे परतली. दूरदेशी राहून ती संगणकशास्त्र शिकली होती आणि येताना एक निश्चय सोबत घेऊन आली होती. मोठ्या कंपन्यांना जे तंत्रज्ञान आणि जो सल्ला सहज मिळतो, तो लहान सेवाभावी संस्थांनाही मिळालाच पाहिजे, असे तिला मनापासून वाटत होते.

हे वृद्ध गृहस्थ एका तालुक्याच्या गावी रुग्णसाहित्य केंद्र चालवत असत. त्यांचे उभे आयुष्य दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेले होते. निवृत्तीनंतर एका रिकाम्या गोदामात त्यांनी वॉकर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या आणि पडून राहून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने फुगवायच्या हवेच्या गाद्या जमवल्या. ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल त्याने यावे, वहीत नाव लिहावे, वस्तू न्यावी आणि गरज संपली की परत आणून द्यावी. याचा मोबदला काही नव्हता. गाव त्यांना अण्णा म्हणत असे. ही मुलगी शाळेत असताना सुटीत त्यांच्याकडे येई, आणि फुटक्या गाद्यांना ठिगळे लावायला तिथेच शिकली होती.

ती परतली त्याच आठवड्यात शेवंता नावाची एक बाई केंद्रात आली. तिचा नवरा गवंडी होता. परांचीवरून पडून त्याच्या पाठीचा कणा मोडला होता आणि दोन महिने तो एकाच जागी पडून होता.

“अण्णा, गादी आली का हो?”

“नाही गं बाई. नवी मागवली आहे, पण यायला तीन आठवडे लागतील म्हणतात.”

“तीन आठवडे?” शेवंता उंबऱ्यातच थांबली. “सिस्टर म्हणाल्या, पाठीची जखम अजून आठवडाभर अशीच राहिली तर हाडाला लागेल. दर दोन तासांनी मी त्यांना कुशीवर वळवते. पण आता माझे हातच उचलत नाहीत.”

ती गेल्यावर शिष्येने वही उघडली. केंद्राच्या चौदा गाद्या होत्या आणि चौदाच्या चौदा बाहेर होत्या. कोणी आठ महिन्यांपूर्वी नेली होती, कोणी वर्षापूर्वी, आणि परतीची म्हणून लिहिलेली अंदाजे तारीख सगळ्यांचीच उलटली होती.

“अण्णा, तुम्ही गाद्या वापरायला दिल्यात की आंदण?”

“मागायला बरं वाटत नाही गं,” वृद्ध म्हणाले. “आजारपणाचं घर असतं.”

तेव्हा शिष्येने आपला संगणक उघडला. लहान संस्थांनी आपले तंत्रज्ञान कसे आखावे, हे सांगणारे एक संकेतस्थळ तिला ठाऊक होते. त्यावर संस्थेच्या कामाविषयी चाळीस प्रश्न होते. उत्तरे भरली की शेवटी एक योजना तयार होई. आधी काय घ्यावे, मग काय, आणि कशाच्या वाटेला मुळीच जाऊ नये, हे सगळे त्यात येई. पहिल्याच पानावर लिहिले होते, ‘लागणारा वेळ वीस मिनिटे.’

“आणि हे फुकट?” वृद्धांनी विचारले.

“फुकट. आपल्यासारख्यांसाठीच केलंय.”

“असतात बाबा अशीही माणसं,” असे म्हणून ते एका वॉकरच्या पायांना नवी रबरी टोपणे बसवू लागले.

शिष्येने अठरा मिनिटांत चाळीस उत्तरे भरली. योजना तयार झाली. तिच्यात पहिले काम सांगितले होते ते असे, की मुदत उलटलेल्या प्रत्येकाला दर आठवड्याला फोनवर आपोआप संदेश जावा. दुसरे, वही संगणकावर आणावी. दुसऱ्या कामाची तयारी तर तिने आदल्या दिवशीच केली होती. वहीतले सगळे रकाने तिने पडद्यावर उतरवले होते. ‘परत करताना रुग्णाची स्थिती’ या रकान्यापुढे तिने तांबडी चांदणी काढली होती. तो भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नव्हते.

“रकाना तुमचाच आहे अण्णा. मी फक्त सक्तीचा केला. अर्धे लोक तो कोरा सोडतात.”

मग तिने संदेश वाचून दाखवला. ‘आपल्याकडील साहित्य परत करण्याची तारीख उलटून गेली आहे. कृपया त्वरित परत करावे.’

“पाठवू? चौदाही घरी एका क्षणात जाईल.”

वृद्धांनी चष्मा पुसला. “हा संदेश पाठवावा, असं तुझ्या त्या साधनाला कशावरून वाटलं?”

“सातव्या प्रश्नावरून. वस्तू वेळेवर परत का येत नाहीत, असं विचारलं होतं. मी उत्तर दिलं, लोक विसरतात.”

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यात सांगायचं काय? उघडच आहे.”

“त्या उत्तरावरची खूण कशी पुसतात, दाखव बरं.”

तिने दाखवले. वृद्धांनी बोट पुढे केले आणि सातव्या उत्तरावरची खूण काढून टाकली. त्यासरशी तयार झालेली सगळी योजना पडद्यावरून नाहीशी झाली. ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि वही काखेत मारून दारात उभे राहिले.

“चल.”

“कुठे? अण्णा, निदान फोन तरी करू या सगळ्यांना!”

“फोनवर सगळे हो हो म्हणतात. उद्या आणतो म्हणतात. चल तू.”

त्या दिवशी ते पाच घरी गेले. चार घरी रुग्ण अजून गादीवरच होते. एका म्हाताऱ्या आजींनी तर शिष्येचा हात धरून विचारले, “गादी न्यायला आलात का गं?” ती घाईघाईने “नाही, नाही” म्हणाली. सकाळीच आपण यांना कोणता संदेश धाडणार होतो, हे आठवून तिचे कान तापले.

पाचवे घर एका कापडाच्या व्यापाऱ्याचे होते. केंद्राला चाकांच्या सहा खुर्च्या त्यानेच दिल्या होत्या. त्याची आई जाऊन सात महिने झाले होते. त्याने चहा मागवला, लग्नसराईचे बोलला, पावसाचे बोलला, आणखी चहा मागवला. गादीचा विषय निघेना. वृद्धही काढीनात. तास उलटला तेव्हा व्यापारी स्वतःच खाली बघत म्हणाला, “अण्णा, तुमची ती गादी... मांजरानं फाडली. आता मी खुर्च्या देणारा माणूस, फाटकी वस्तू परत द्यायची कशी? नवी मागवून देऊ म्हटलं, ते राहिलं ते राहिलंच.”

“ठिगळ लावू,” वृद्ध म्हणाले. गादी उघडून पाहिली तर ती उभी चिरली होती. ठिगळाच्या पलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते आणखी सहा घरी गेले. तीन घरी गाद्या वापरात होत्या. एका घराला कुलूप होते. एका घरी एकट्या सुनेला अरुंद जिन्यावरून गादी खाली आणता आली नव्हती आणि वर पत्र्याखाली पडून ती उन्हाने तडकली होती. शेवटच्या घरी पंप जळला होता, आणि त्या जुन्या गादीला दुसऱ्या गादीचा पंप बसत नव्हता. तो दुरुस्त करून मगच गादी द्यायची, असे मालकाने मनाशी ठरवून ठेवले होते. हातात एकही धड गादी आली नाही.

संध्याकाळी परतताना वाटेत शेवंताचे घर लागले. दारातूनच जखमेचा वास येत होता. शेवंता नवऱ्याच्या पाठीशी उशी लावत होती. तिने वळून दोघांच्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि पुन्हा उशी सारखी करू लागली.

कोपऱ्यावर येताच शिष्येचा संयम सुटला.

“दोन दिवस झाले, अण्णा! तिकडे तो माणूस सडतोय आणि आपण घरोघर चहा पीत हिंडतोय. मी तो संदेश पाठवला असता तर एखादी तरी गादी आली असती.”

“आली असती,” वृद्ध म्हणाले. “कदाचित दोनही आल्या असत्या.”

“मग?”

“उद्या तीन घरं राहिलीत.” एवढेच बोलून ते चालू लागले. तिला त्यांचा फार राग आला. तरी सकाळी ती आलीच.

त्या तिसऱ्या दिवशीचे पहिले घर नदीच्या बाजूला होते. एक पोस्टमास्तर तिथे राहत. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. त्यांच्या पत्नीने, कृष्णाबाईंनी, दार उघडले. बाहेरच्याच खोलीत कपाटामागे गादी घडी घालून ठेवलेली दिसत होती. तिच्यावर धुतलेली चादर बांधली होती आणि पंप वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने आवळला होता.

शिष्येच्या तोंडून निघून गेले, “काकू, विसरलात वाटतं परत करायला?”

“विसरेन कशी?” कृष्णाबाई म्हणाल्या. “रोज केर काढताना हलवते की. ते गेले त्याच महिन्यात धुऊन, पुसून, बांधून ठेवली. मुलानं स्कूटरवर घालून दोनदा केंद्रापर्यंत नेलीसुद्धा. मी मागे बसले होते.”

“मग?”

त्यांनी वृद्धांकडे पाहिले, मग नजर वळवली. “रागावू नका अण्णा. तुमच्याकडे परत करायला माणूस आला, की तुम्ही हसून विचारता, ‘काय, पेशंट उठून बसला ना?’ आणि वहीत तो रकाना असतो. पहिल्या वेळी माझ्यापुढे एक जण होता, त्यानं मोठ्यानं सांगितलं, ‘ठणठणीत!’ सगळे हसले. मग माझी पाळी येणार होती. मला तिथे उभं राहून ते लिहिता येईना. मुलाला म्हटलं, चल घरी.”

शिष्येच्या डोळ्यांपुढे ती तांबडी चांदणी उभी राहिली.

“काकू,” ती म्हणाली, “आज आम्ही नेतो. वहीत काही लिहायचं नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

कृष्णाबाईंनी स्वतःच गादी दारापर्यंत उचलून आणली. मग म्हणाल्या, “कुणाला देणार आहात?” शिष्येने शेवंताच्या नवऱ्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, “डोक्याकडची नळी जरा सैल आहे. तिथे चिंधी बांधा. ह्यांना मी तशीच बांधत होते.”

केंद्रात आणून वृद्धांनी गादी फुगवली आणि हवा टिकते का ते पाहण्यासाठी तासभर तशीच ठेवली. ते आणि शिष्या दोन बाजूंना बसून राहिले.

“अण्णा, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना? म्हणूनच ती खूण पुसलीत.”

“माहीत असतं तर बारा वर्षं तो रकाना ठेवला असता का मी?” वृद्ध म्हणाले. “पहिल्या वर्षी एक माणूस वॉकर खांद्यावर टाकून चालत परत करायला आला होता. मला इतका आनंद झाला, की वाटलं, असा आनंद लिहून ठेवावा. त्या दिवशी मी तो रकाना आखला. ज्यांच्या घरून चालत कोणी येणार नव्हतं, ती माणसं माझ्या ध्यानातच आली नाहीत. म्हणजे विसरलं कोण? तुझं उत्तर बरोबर होतं. फक्त ते लोकांच्या नावावर लिहिलं गेलं होतं.”

गादी तळहाताने दाबून पाहत ते पुढे म्हणाले, “तुझं ते साधन मला आवडलं. वस्तू परत का येत नाहीत, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. त्यानं सरळ विचारला. आपण उत्तर खुर्चीत बसून दिलं आणि आपल्याला सोयीचं तेवढं दिलं. त्यावर त्यानं जी योजना आखली, ती त्या उत्तराला धरून योग्यच होती. त्याला आणखी काय करता येणार? ज्याच्या घरात वस्तू पडली आहे, त्याच्या घरी ते जाऊ शकत नाही. तेवढं आपल्याला जावं लागतं. आणि गेल्यावर, आपल्याविषयी जे ऐकू येईल ते ऐकून घ्यावं लागतं.”

शिष्येने संगणक पुढे ओढला. सातव्या प्रश्नाला ‘इतर’ असा एक पर्याय होता. तो तिने निवडला आणि उघडलेल्या चौकटीत तीन दिवसांत ऐकलेले सगळे लिहिले. फाटलेली गादी, जिना, जळलेला पंप, आणि कृष्णाबाईंचे नाव न घेता त्यांचे म्हणणे. पुढे एकविसावा प्रश्न होता, ‘जिचा काहीच उपयोग करत नाही अशी कोणती माहिती तुम्ही लोकांकडून घेता?’ आधी तिथे तिने ‘कोणतीही नाही’ असे लिहिले होते. ते तिने खोडले.

या वेळची योजना अगदी लहान होती. एक फोन क्रमांक असावा. आठवड्यातून एक दिवस दोन माणसे आणि एक टेम्पो असावा, म्हणजे वस्तू घरून आणता येईल. आणि प्रत्येक घरी एकच संदेश जावा, ‘गरज असेपर्यंत वापरा. नको झाली की कळवा. मोडली असली तरी चालेल. आम्ही येऊन नेऊ.’ वही संगणकावर आणणे हे काम यादीत सर्वांत शेवटी गेले होते.

वृद्धांनी तो संदेश दोनदा वाचायला लावला. “हा पाठव,” ते म्हणाले.

तासाभरात गादीतली हवा कमी झाली नाही. दिवस कलायच्या आत दोघे ती घेऊन शेवंताकडे गेले. शेजारच्या दोघांनी गवंड्याला अलगद उचलून धरले. शिष्येने गादी पसरली, डोक्याकडच्या नळीला चिंधी बांधली आणि पंप सुरू केला. गादीच्या पट्ट्या आळीपाळीने फुगू लागल्या. गवंड्याने डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली.

शेवंताने पदराने हात पुसले. “ताई, सही कुठं करू?”

शिष्येने वही पुढे केली. नाव, पत्ता आणि तारीख, एवढे तीनच रकाने तिने मोकळे ठेवले होते.

“आणि परत करताना काय लिहून द्यायचं?”

“काही नाही. नको झाली की या नंबरवर कळवा. आम्ही येऊन नेऊ.”

शेवंता क्षणभर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने सावकाश मान हलवली आणि सही केली. ते बरे होतील ना, अशा अर्थाचे काहीतरी शिष्येच्या ओठांवर आले होते. तिने ते तिथेच आवरले, आणि वही मिटून ती वृद्धांच्या मागोमाग बाहेर पडली.