हत्तीच्या पिल्लाची कुंची

एकदा काय झालं, एका राजाच्या हत्तिणीला पिल्लू झालं. आज तुम्ही प्राण्यांच्या बागेत पाहिलंत ना, माती उडवत होतं म्हणून 'शी' म्हणालात, त्याच्याहूनही लहान. बनू, अंगठा काढ बघू तोंडातून. नाहीतर उद्या कडुनिंब लावीन.

हं. तर राज्य होतं राजाचं, पण राजवाड्यात चालायचं आत्याबाईंचं. म्हणजे राजाच्या आत्याचं. गावातली झाडून सगळी बाळं त्यांनीच न्हाऊ घातलेली, राजासुद्धा! अजूनही भर दरबारात त्याला म्हणायच्या, "नाक पूस आधी."

आत्याबाईंनी पिल्लाचं बारसं केलं, नाव ठेवलं गब्दू, आणि म्हणाल्या, "याला मी सांभाळणार."

राजा हळूच म्हणाला, "आत्याबाई, हत्ती आहे हो तो."

"बाळ म्हणजे बाळ!"



मग हत्तीण राहिली हत्तीखान्यात आणि गब्दू आला राजवाड्यात. दूध प्यायला तेवढा आईकडे जायचा. आत्याबाई बघतात तर काय, अंगभर माती! मग परातभर डाळीचं पीठ आणलं आणि त्याला घसाघसा न्हाऊ घातलं. नाक जरा जास्तच लांब वाटलं, म्हणून तेल लावून आत दाबूनही पाहिलं. ते कसलं आत जातंय! सोंडेत हाडच नसतं बरं का. इकडून दाबली की तिकडे वळायची.

मग म्हणाल्या, कानांना वारा लागेल. दिवाणखान्याचा पडदा काढला, कुंची शिवली, सुपाएवढे कान आत कोंबले आणि हनुवटीखाली गाठ मारली. तरी गब्दू आपला खुशीत. सोंडेचं टोक तोंडात घालून चुटुचुटु चोखत बसला. हत्तीची बाळंही चोखतात हो! पण आत्याबाईंना असली खोड खपायची नाही. त्यांनी कडुनिंबाचा पाला वाटला आणि सोंडेला फासला.

मग ऊन चढलं. चैत्रातलं ऊन ते! अंगाची आग आग झाली, माश्या चावायला लागल्या, कुंचीत कान उकडून निघाले. तोंड असं कडूजहर झालं की आईकडे नेलं तरी दूध पिईना. परत आणला तर अंगणातच आडवा झाला आणि डोळे मिटले.

आत्याबाई घाबरल्या. "माझ्या हातून आजवर एक बाळ गेलं नाही रे!" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

"त्याच्या आईलाच इकडे आणू या का?" राजानं विचारलं.

"आण रे बाबा, आण!"

हत्तीण आली. दार लहान पडलं. दाराचं काय झालं ते विचारू नका. तिनं आधी ती कुंची ओढून फेकली. मग गब्दूनं कान हलवले, फडफड, फडफड. हत्तीचे कान पातळ असतात, त्यांत भरपूर रक्त खेळतं. कान हलले की ते रक्त गार होतं आणि मग सगळं अंग निवतं. मग तिनं हौदातलं पाणी सोंडेत भरलं आणि गब्दूवर उडवलं. कडू सगळं धुऊन गेलं. मग फुलांच्या वाफ्यातला चिखल उचलून त्याच्या पाठीवर थापला. हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही ना, चिखल हीच त्याची छत्री. सुरकुत्यांत ओल टिकते आणि माश्याही दमतात.

गब्दू उठला. सोंड वर केली आणि तोंड लावून गटागटा दूध प्यायला. सोंडेनं नाही हं, तोंडानं!

आत्याबाईंना असा आनंद झाला! टाळ्या वाजवत उन्हात पुढे आल्या. स्वच्छ न्हालेल्या, कानांवरून पदर घट्ट घेतलेला. हत्तिणीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. आधी पदर मागे सारला. मग पाणी, फुर्रर्र! मग चिखल, थप, थप, थप.

"अरे, हिला सांग मी कोण आहे ते!" आत्याबाई ओरडल्या.

राजा खांबामागून म्हणाला, "सांगून काय उपयोग आत्याबाई? बाळ म्हणजे बाळ!"

तेव्हापासून गब्दू आईजवळच राहिला. आत्याबाई रोज त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं चिखल कालवायच्या. कुंचीचा परत पडदा झाला. आणि गब्दू मोठा झाल्यावर सोंड चोखायची आपोआप विसरला.

बनू, निजलीस? गेलाच का अंगठा तोंडात? असू दे. नाही हो लावत कडुनिंब. झोपा सगळे.