धनेशाची ढोली

"मग गुहेचं तोंड कधी चिणायचं, बुवा?"

वामदेव सकाळपासून हेच विचारत होता. घर सोडून तो घाटाखालच्या या रानातल्या मठात आला, तो एकच हट्ट धरून. स्वतःला गुहेत कोंडून घ्यायचं आणि कुणाच्या हातचा घासही न घेता देवाला आळवायचं. उपासात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

अच्युतबुवांनी समोरच्या बेहड्याकडे बोट केलं.

खोडात एक ढोली होती. तोंड चिखलाने नि विष्ठेने लिंपलेलं. मधे एक अरुंद फट. फटीतून पिवळ्या चोचीचं टोक दिसत होतं.

"धनेशाची मादी," वामदेव म्हणाला. "अंड्यावर बसायचं म्हणून चिणून घेते. आत पंखांची पिसंही गळतात तिची. पण तिला नर भरवतो, बुवा. मला कुणीच नको."

दुपारी बंदुकीचा बार ऐकू आला. वामदेव धावला. शिकारी पळून गेला होता आणि ओढ्याकाठी नर मरून पडला होता.

त्याने त्याला उचललं. एवढं थोरलं पाखरू, एवढी दांडगी चोच, पण आतून पोकळ. हाताला वजनच लागेना. गळा मात्र गच्च भरलेला. त्याने चोच उघडली तशी उंबरं घरंगळली. सगळी अख्खी. नराने एकही स्वतः खाल्लं नव्हतं.

वामदेव परतला तो कुऱ्हाड शोधत.

"भिंत फोडतो. तिला मोकळं करतो."

"उडेल ती?" बुवांनी विचारलं.

"...नाही."

"आणि पिल्लू?"

वामदेवाने कुऱ्हाड खाली ठेवली. मग उपरण्यात ती उंबरं घेतली, बांबूच्या काठीचं टोक उंबर अडकवायला चिरलं, शिडी लावली आणि वर चढला.

मादीने काठीवर चोच हाणली आणि आत सरली. तो हलला नाही. पाय वळले, मुंग्या चावल्या. तिन्हीसांजेला काठीवरचं उंबर नाहीसं झालं.

मग रोज तेच. उजाडताच फळं गोळा करायची, चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. रिकाम्या पोटी एकदा शिडीवर भोवळ आली, तेव्हा मुकाट्याने खाली येऊन तो बुवांच्या ताटातली भाकरी जेवला.

एके दिवशी ढोलीतून बारीक, चिरका आवाज आला.

"बुवा, पिल्लू! पण उंबर घेत नाही."

"नर सरडे आणायचा. नाकतोडे आणायचा."

वामदेवाचा चेहरा उतरला. "मी मुंगीसुद्धा मारत नाही. माझं व्रत आहे."

वर ते पिल्लू ओरडतच होतं...

सकाळी वामदेव गवतात वाकलेला दिसला. हातात उपरणं, डोळ्यांत पाणी. पहिला नाकतोडा मुठीत धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग शिडीकडे चालू लागला.

उन्हं तापली. एका सकाळी भिंतीचे टवके उडाले. मादी बाहेर आली, नवी पिसं झटकली, आणि पंखांचा केवढा तरी आवाज करत रानावरून निघून गेली.

वामदेव तिच्याकडे बघत राहिला.

"वळूनही पाहिलं नाही तिनं, बुवा."

ढोलीत खुडबुड झाली. त्याने वर पाहिलं. उघडंवाघडं पिल्लू आपल्या इवल्या चोचीने फुटलेली भिंत आतून पुन्हा लिंपत होतं.

"हे काय! आता कुठे वाट मोकळी झाली होती... एकटी आई कशी पुरी पडणार याला? आणि ती आलीच नाही तर? बुवा, मी काय करू?"

अच्युतबुवा उठले. शिडीचे दोन्ही पाय त्यांनी घट्ट धरले.

"चढ."