मेलेल्या गांडुळांची साक्ष

पूर्वी शिलावती नगरीवर महीसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका भूमिपरीक्षकाच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव क्षेमक. कोणत्या जमिनीत काय पिकेल, हे तो मूठभर माती हाताळून सांगे.

एके वर्षी हुमणीच्या अळ्यांनी राज्यातली पिके मुळापासून खाल्ली. तेव्हा क्षेमकाचा बालमित्र, रसवैद्य पिंगल, याने खनिजे भाजून अळ्या मारणारी पिवळी भुकटी तयार केली. राजा म्हणाला, "क्षेमका, मातीला ही सोसते का पाहा. तू हो म्हणालास की दवंडी पिटवतो."

क्षेमकाने दहा मडक्यांत एकाच शेतातली माती भरली. एक मडके तसेच ठेवून बाकीच्यांत त्याने चढत्या मापाने भुकटी मिसळली आणि प्रत्येकात दहा गांडुळे सोडली.

चौदाव्या दिवशी त्याने मडकी उपडी केली. जास्त भुकटीच्या मडक्यांत नुसता काळा चिकटा उरला होता. मधल्यांतली गांडुळे सुजून, काठावर चढून वाळली होती. सर्वांत कमी भुकटीतली जिवंत होती, पण बोट लावले तरी हलेनात. निव्वळ मातीतली तेवढी वळवळत खाली शिरली.  हे जीव त्यानेच मारले होते.

पिंगल म्हणाला, "गांडुळंच ना ती? लोक उपाशी आहेत. हो म्हणून टाक."

"मी विचारलं, त्याचं उत्तर देऊन ती मेली. आता उत्तरच बदललं, तर मी नुसता मारेकरी उरेन."

दरबारात त्याने जे पाहिले तेच सांगितले. "महाराज, जमीन भुसभुशीत ठेवतात ती ही गांडुळंच. ही गेली की जमीन दगड होईल."

"किड्यांपायी प्रजा मारू?" राजा गरजला. क्षेमकाला हद्दपार करण्यात आले आणि भुकटी शेतोशेती पसरली.

सीमेपलीकडच्या एका गावाने क्षेमकाचे ऐकले. तिथे भुकटी न टाकता लोक हाताने अळ्या वेचू लागले. पण पीक अपुरे आले, आणि रेवती नावाच्या शेतकरणीची मुलगी भुकेने गेली. "तुमच्या खरेपणानं माझी पोर नेली," ती म्हणाली.  क्षेमक तिच्या शेतात वाकून अळ्या वेचत राहिला.

तिसऱ्या वर्षी राज्यभर जमीन विटेसारखी कडक झाली, नांगर शिरेना. पिंगल पायी गावात आला. क्षेमकाच्या पायांशी बसून म्हणाला, "धान्य मागत नाही. गांडुळं दे."

क्षेमकाने रेवतीकडे पाहिले.  तिने कुदळ उचलली आणि पहिली टोपली आपल्या शेतातून भरली. तरीही राज्यातली निम्मी शेते पुन्हा कधीच हिरवी झाली नाहीत.

एवढे सांगून शास्ता, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो पिंगल म्हणजे आज औषधाची मात्रा तीनदा तपासून देणारा हा भिक्षू सोमक. रेवती म्हणजे पलीकडे बसलेली वृद्ध भिक्षुणी, थेरी. क्षेमक मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, सत्याचे परम व्रत, पाळली, आणि ती पाळताना झालेल्या मृत्यूंचा भारही माझाच आहे. महीसेन राजाला मात्र अजून माणसाचा जन्म मिळालेला नाही. तो मातीतच आहे."